पेटी शेतात पाच वर्षं टिकेल का? नवख्या इंजिनिअरसाठी रिलायबिलिटी टेस्टिंगची वाट

एमआयडीसीतल्या छोट्या कंपनीत रिलायबिलिटी नावाचं वेगळं खातं नसतं. डिझाइन संपत आलं की सगळ्यांत नव्या इंजिनिअरला बोलावून सांगितलं जातं, ‘जरा टेस्टिंगचं बघून घे, पुढच्या महिन्यात माल बाहेर काढायचाय.’ तो लॅबला फोन करतो. लॅबवाले विचारतात, ‘कुठल्या स्टँडर्डप्रमाणे करायचं? किती तास? किती सॅम्पल?’ आणि गाडी तिथेच अडते. ज्यांची गाडी अशी अडली आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू: मोबाइलवरून शेतपंप चालू-बंद करणारी पेटी. विहीर वस्तीपासून लांब, वीज रात्री-अपरात्री येणार, म्हणून महाराष्ट्रात ही पेटी गावोगाव दिसते. आत एक पॉवर सप्लाय, मोबाइल नेटवर्कचं मोड्यूल, सिमकार्डाची खाच, तिन्ही फेजचं व्होल्टेज पाहणारं सर्किट आणि स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल चालू-बंद करणारे दोन रिले, म्हणजे छोटे विजेवर चालणारे स्विच. वस्तू साधी आहे, पण उन्हात, पावसात आणि वाईट विजेवर तिला वर्षानुवर्षं उभं राहायचंय. तुमची वस्तू दुचाकीचा हॉर्न असो की दवाखान्यातला सलाइन पंप, पायऱ्या याच राहतात.

पहिली पायरी: ‘बिघडली’ कशाला म्हणायचं ते कागदावर उतरवा

पाठ्यपुस्तकातली व्याख्या कामाची आहे: ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळापर्यंत, ठरलेलं काम करत राहण्याची संभाव्यता म्हणजे रिलायबिलिटी. या वाक्यात चार रिकाम्या जागा आहेत. त्या भरल्याशिवाय लॅबला फोन करू नका. आपल्या पेटीसाठी त्या अशा भरता येतील: ‘महाराष्ट्रातल्या उघड्या शेतात, पत्र्याच्या स्टार्टर-पेटीत बसवल्यावर, पाच वर्षांपर्यंत, सांगितल्यावर पंप चालू आणि बंद करत राहील, आणि १०० पैकी किमान ९० पेट्या हे करतील.’ हा ९० चा आकडा कंपनीच्या मालकाने द्यायचा असतो, तुम्ही नाही. वॉरंटीचा खर्च त्याच्या खिशातून जातो. तो ‘शंभर टक्के’ म्हणाला तर त्याला पुढे येणारं सॅम्पलचं गणित दाखवा, आकडा आपोआप खाली येतो.

बिघाडाचेही प्रकार असतात. पंप चालू झाला नाही, तर शेतकरी शिव्या देत विहिरीवर जाईल. पंप बंदच झाला नाही, तर विहीर आटून मोटार कोरडी फिरेल आणि जळेल, आणि वायंडिंगचं बिल तुमच्या दारात येईल. दोन्ही ‘रिले खराब’ या एकाच सदरात टाकलेत तर पुढची सगळी टेस्टिंग आंधळी होते.

इथेच एक सावधगिरी. कोणीतरी तुमच्यापुढे एमटीबीएफचा, म्हणजे दोन बिघाडांमधल्या सरासरी काळाचा, आकडा टाकेल, ‘५०,००० तास’. हे जवळपास पावणेसहा वर्षं होतात, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं की पेटी पावणेसहा वर्षं चालणार. बिघाडाचा दर कायम एकसारखा धरला, तर एमटीबीएफइतका काळ गेल्यावर फक्त ३७ टक्के पेट्या जिवंत असतात. याच हिशेबाने शंभरातल्या १६ पेट्या पहिल्याच वर्षी, अखंड चालू असताना, परत येतील. एमटीबीएफवर बोलणं झालंच तर लगेच विचारा, ‘पहिल्या वर्षी किती टक्के, पाचव्या वर्षापर्यंत किती टक्के?’ बेअरिंगच्या धंद्यात म्हणूनच एल-१० आयुष्य सांगतात, म्हणजे १० टक्के बेअरिंग खराब व्हायला लागणारा काळ. ती सवय इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी उचलायला हरकत नाही.

दुसरी पायरी: वस्तू कुठे आणि कशी वापरली जाते ते मोजून या

माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत जास्त परतावा देणारा भाग हाच. ऑफिसात बसून ‘तापमान ० ते ५०’ असं लिहिणं सोपं असतं. चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५ च्या वर जातो. पेटी सावलीत नसते. ती काळ्या किंवा राखाडी पत्र्याच्या स्टार्टर-पेटीत, उन्हात, गरम होणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या शेजारी असते. चार शेतांवर तापमान नोंदवणारे छोटे लॉगर महिनाभर ठेवा. खर्च किरकोळ, आणि जो आकडा येईल तो पुढच्या प्रत्येक निर्णयात लागेल. या लेखापुरतं आतलं तापमान दुपारी ६५ अंश सेल्सिअस धरू.

विजेचं तर विचारूच नका. कागदावर तीन फेज ४१५ व्होल्ट. लाइनच्या शेपटाला, सगळे पंप चालू असताना, त्यातले किती उरतात ते मीटर लावून बघा. रात्री पंप बंद झाले की तेच व्होल्टेज उसळी घेतं. एखादी फेज जाते. न्यूट्रल तुटला तर २३० व्होल्टवर चालणाऱ्या तुमच्या पॉवर सप्लायला ४०० च्या वर सोसावं लागतं. शिवाय दोनच फेज असताना कंडेन्सर लावून तीन फेजचा पंप चालवणारे शेतकरी तुम्हाला भेटतील. ‘हा चुकीचा वापर आहे’ असं म्हणून हात झटकू नका, तो नेहमीचा वापर आहे.

मोजायची तिसरी गोष्ट म्हणजे फेऱ्या. ऑटोस्विच लावलेला असेल तर वीज येताक्षणी पंप आपोआप सुरू होतो. एका डीपीवरचे सगळेच पंप असे एकदम सुरू झाले की रोहित्रावर ताण येतो, म्हणून महावितरण ऑटोस्विच काढायला सांगत असतं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की तशा वेळी व्होल्टेज कोसळतं, कॉन्टॅक्टर थरथरतो, सुटतो, परत लागतो. दिवसाला चार वेळा चालू-बंद होईल असं गृहीत धरलेला रिले एखाद्या वाईट दिवशी तीसदा चालू-बंद होतो.

बाकी मुंग्या आणि पाली. स्टार्टर-पेटीत ऊब असते, त्यामुळे त्या येणारच. आणि जोडणी ॲल्युमिनिअमच्या वायरीने होणार. हा धातू स्क्रूखाली दाबाने हळूहळू पसरतो, जोड सैल होतो, तापतो, आणि परत आलेल्या पेटीच्या टर्मिनलचं प्लॅस्टिक काळं पडलेलं दिसतं. तुमच्या लॅबमध्ये मात्र चकचकीत तांब्याची वायर असते. टेस्टिंगसाठी गावातल्या दुकानातून वायर आणा.

तिसरी पायरी: काय काय मोडू शकतं याची यादी

या यादीला एफएमईए, म्हणजे बिघाडाचे प्रकार आणि त्यांचे परिणाम यांचं विश्लेषण, म्हणतात. पद्धत जुनी आहे, अमेरिकन सैन्याने १९४९ साली ती कागदावर आणली. प्रत्येक भागासमोर लिहायचं: तो कसा मोडेल, मोडल्यावर शेतकऱ्याला काय दिसेल, कशामुळे मोडेल, आणि आज आपल्याकडे ते पकडायचा काय उपाय आहे. गाडीच्या कारखान्यांना माल देणाऱ्यांनी २०१९ नंतरची पद्धत वापरावी. तिच्यात तीव्रता, वारंवारता आणि शोध या तीन आकड्यांचा गुणाकार करून क्रम लावणं सोडलंय, आणि तीव्रतेला आधी मान दिलाय. ते बरंच झालं. गुणाकारामुळे क्वचित घडणारी पण जीवघेणी चूक यादीच्या तळाला जायची.

यादी एकट्याने संगणकापुढे बसून भरू नका. सर्व्हिसला फिरणारा माणूस, असेंब्लीच्या ओळीवरची एक ताई आणि खरेदीवाला यांना दोन तास बसवा. सर्व्हिसवाला सांगेल की सिमच्या खाचेतले पत्रे हिरवे पडतात. ओळीवरची ताई सांगेल की गॅस्केट बसवताना एका कोपऱ्यात कायम दुमडतं. खरेदीवाला, थोडं अडखळत, सांगेल की कपॅसिटरचा मेक गेल्या महिन्यात बदललाय. या तिन्ही गोष्टी ड्रॉइंगमध्ये नसतात.

यादी झाली की प्रत्येक ओळीपुढे ठरवा: हे डिझाइन बदलून मिटेल, कागदावरच्या हिशेबाने मिटेल, की टेस्टिंग करावं लागेल? टेस्टिंग सगळ्यांत महाग, म्हणून ते शेवटी. नमुना म्हणून पॉवर सप्लायमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घ्या. त्यावर लिहिलेलं असतं ‘१०५ अंशाला २,००० तास’. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा या भागापुरता चांगला चालणारा आडाखा आहे. ६५ अंश म्हणजे चार टप्पे खाली, म्हणजे १६ पट, ३२,००० तास. पाच वर्षं म्हणजे ४३,८०० तास. पेटी रात्री गार होते हे खरं, पण कपॅसिटर स्वतःही थोडा तापतोच. त्यात फार सूट धरू नका. तोच ५,००० तासांचा घेतला तर ८०,००० तास मिळतात आणि किमतीत फरक पडतो काही रुपयांचा. प्रश्न मिटला, लॅबमधला टेस्टचा चेंबर लागलाच नाही.

चौथी पायरी: दोन-तीन पेट्या मुद्दाम मारा

आता हातात प्रोटोटाइप आहेत. नवखा इंजिनिअर इथे त्यांना जपतो, मर्यादेच्या आत चालवून ‘पास’चा शिक्का मारतो. जपू नका. १९८० च्या दशकात ग्रेग हॉब्ज या अमेरिकन इंजिनिअरने रुळवलेली हाल्ट नावाची पद्धत हेच करते: ताण पायरीपायरीने वाढवत न्यायचा, वस्तू कुठे अडखळते आणि कुठे मरते ते बघायचं. खऱ्या हाल्ट चेंबरमध्ये द्रव नायट्रोजन आणि हवेच्या दाबावर सर्व दिशांनी थरथरणारं टेबल असतं, भाडं जबर असतं. छोट्या कंपनीने अर्धं काम घरच्या घरी उरकावं. एक ओव्हन आणि व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा तीन फेजचा डिमरस्टॅट एवढं पुरतं.

पेटी ओव्हनमध्ये चालू ठेवा. ५० अंशांपासून सुरुवात, दर पायरीला १० अंश वाढ. तापमान स्थिरावल्यावर १५-२० मिनिटं थांबा आणि प्रत्येक पायरीवर पेटीचं सगळं काम तपासा: मिस्ड कॉल देऊन चालू, बंद, एक फेज काढून बघणं, परत लावणं. समजा ९० अंशांना नेटवर्क सुटलं आणि गार केल्यावर परत आलं, तर ती चालण्याची मर्यादा. ११० ला कायमचं गेलं, तर ती मरणाची मर्यादा. मोडलेला भाग दुरुस्त करून किंवा त्याला तात्पुरता गारवा देऊन पुढे जा, म्हणजे दुसरा कमकुवत भाग दिसेल. व्होल्टेजचंही तसंच, डिमरस्टॅटने खाली आणि वर. खाली जाताना रिले थरथरतोय का ते कानाने ऐका. कॉन्टॅक्ट चिकटण्याचं मूळ बहुधा तिथेच असतं.

यातून ‘पाच वर्षं’ हा आकडा निघत नाही. ६५ अंशांच्या शेतासाठी तुमच्याकडे २५ अंशांची मोकळीक आहे की ५ अंशांची, एवढंच कळतं. आणि पहिला कोण मरतो ते कळतं. साहेब विचारतील, ‘११० अंश कोणत्या शेतात असतं?’ कोणत्याच नाही. पण ११० ला जो भाग आधी गेला, तो ६५ ला तीन वर्षांनी आधी जाण्याची शक्यता दांडगी असते. अपवाद एक: प्लॅस्टिक वितळलं किंवा सोल्डर पातळ झालं, तर ते त्या तापमानाचंच नाटक आहे, शेतात ते घडणार नाही. तिथे थांबा.

पाचवी पायरी: आयुष्याची टेस्ट, घाईने पण हिशेबाने

पाच वर्षांचं आयुष्य पाच आठवड्यांत बघायचे दोन मार्ग आहेत. पहिला प्रामाणिक आणि स्वस्त: मधला रिकामा वेळ काढून टाकणं. रिले वाईट हिशेबाने दिवसाला ३० वेळा, वर्षाला ३०० दिवस, पाच वर्षं चालला तर ४५,००० फेऱ्या होतात. दोन सेकंद चालू, दोन सेकंद बंद अशा फेऱ्या दिल्या तर ५० तासांत पाच वर्षं संपतात. गुरुवारी संध्याकाळी लावा, शनिवारी रात्री उरकतं. मात्र रिलेवर खरा कॉन्टॅक्टर लावा, बल्ब नाही. या छोट्या रिलेच्या डेटाशीटवर एक कोटी फेऱ्यांचं यांत्रिक आयुष्य ठळक लिहिलेलं असतं. विजेच्या भारासहचं साधारण एक लाख खाली बारीक अक्षरांत असतं, आणि तेही साध्या हीटरसारख्या भारावर. कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना ठिणगी पाडते, तिथे हे आयुष्य बरंच कमी होतं. आणि दोन सेकंदांच्या विश्रांतीत कॉन्टॅक्ट गार होत नसेल तर फेरी लांबवा. नाहीतर शेतात न होणारा बिघाड तुम्ही लॅबमध्ये तयार कराल.

दुसरा मार्ग ताण वाढवण्याचा, आणि इथे पाय घसरतात. उष्णतेने होणाऱ्या बिघाडांसाठी अर्हेनियसचं सूत्र वापरतात. समजा वापरातलं सरासरी तापमान ४० अंश, टेस्ट ८५ अंशांना १,००० तास. सूत्रात सक्रियण ऊर्जा नावाचा एक आकडा घालावा लागतो. तो ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरला तर वेग २६ पट येतो, म्हणजे १,००० तासांत जवळपास तीन वर्षं. तोच ०.५ धरला तर वेग १० पट, म्हणजे जेमतेम १४ महिने. टेस्ट तीच, सॅम्पल तेच, फक्त सूत्रात घातलेला आकडा बदलला. ०.७ हा आकडा कुठल्यातरी जुन्या रिपोर्टमधून उचललेला असतो आणि तो नेमका कोणत्या बिघाडाचा आहे हे कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. बिघाडाची यंत्रणा ठाऊक नसेल, तर वेगाचा आकडा सांगायचा अधिकार नाही.

शिवाय प्रत्येक ताण वेगळा बिघाड जागवतो. कायम गरम ठेवल्याने कपॅसिटर सुकेल, पण सोल्डरला चीर पडणार नाही. तिला तापणं-गार होणं लागतं. दिवसरात्रीचा ३० अंशांचा फरक चेंबरमध्ये १०० अंशांचा केला आणि फरकाच्या पटीचा वर्ग केला (घातांक २ धरला), तर एक फेरी सुमारे ११ दिवसांची होते. खारी हवा, दमटपणा, विजेचा लोट (सर्ज, म्हणजे क्षणभराची मोठी उसळी) यांच्या टेस्ट वेगळ्या. पर्यावरणाच्या टेस्टसाठी आयईसी ६००६८ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे, आणि भारतीय मानकांत आयएस ९०००. लोटासाठी आयईसी ६१०००-४-५. लॅबवाल्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पण मानक फक्त ‘कसं करायचं’ ते सांगतं. किती अंश, किती फेऱ्या हे तुमच्या दुसऱ्या पायरीच्या वहीतून यायला हवं.

सॅम्पल किती?

नेहमीचं उत्तर असतं ‘तीन ठेवा’. ते का, कोणीच सांगू शकत नाही. हिशेब असा: एका आयुष्याइतकी टेस्ट केली आणि एकही पेटी बिघडली नाही, तर ९० टक्के खात्रीने ९० टक्के रिलायबिलिटी म्हणायला २२ पेट्या लागतात. त्याच खात्रीने ९५ टक्के म्हणायचं तर ४५, आणि ९९ टक्के म्हणायचं तर २३०. उलट बाजूने पाहा: दहा पेट्या ठेवल्या, दहाही पास झाल्या. ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की बाजारात बिघडणाऱ्यांचं प्रमाण २६ टक्क्यांच्या वर नाही. साहेबांना हे वाक्य एकदा मोठ्याने वाचून दाखवा.

एवढ्या पेट्या नसतील तर टेस्ट लांबवा. झिजून होणारा बिघाड असेल आणि पुढे सांगितलेला वायबुलचा बीटा २ धरता येत असेल, तर दुप्पट आयुष्य चालवल्यास पेट्या चौथाई लागतात: २२ च्या जागी सहा. रिलेच्या टेस्टमध्ये हे सहज जमतं, ५० च्या ऐवजी १०० तास. खरं सांगायचं तर मी शक्य तिथे बिघाड होईपर्यंतच चालवतो. शून्य बिघाडाची टेस्ट फार कमी बोलते, पाच मेलेले रिले खूप काही सांगतात.

क्रम चुकला की टेस्ट फसते

आयपी ६५ ची, म्हणजे पेटीत धूळ-पाणी शिरतं का हे बघणारी, टेस्ट नव्या पेटीवर करतात. ६.३ मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी मारलं, आत थेंब नाही, सर्टिफिकेट मिळालं. शेतातली पेटी मात्र पावसाला सामोरी जाते ती दोन उन्हाळे भाजून निघाल्यावर, गॅस्केट कडक झाल्यावर, टेम्पोत हादरे खाल्ल्यावर. म्हणून त्याच पेट्यांवर आधी उष्णता, मग थंड-गरम फेऱ्या, मग कंपन, आणि शेवटी पाणी असा क्रम लावा. बहुतेक लॅब हे करून देतात, पण मागितलं तरच. नाहीतर प्रत्येक टेस्टला कोरी पेटी वापरून मोकळ्या होतात.

पाण्याची आणखी एक खोड आहे. आयपी ६७ ची, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवून कोरडी निघालेली पेटीही पावसाळ्यानंतर उघडली तर तळाशी पाणी सापडतं. दुपारी आतली हवा तापून फुगते आणि केबलच्या गळ्यातून थोडी बाहेर जाते. संध्याकाळी सर आली की पेटी झटकन गार होते, आत पोकळी होते आणि दमट हवा, कधी केबलवरून ओघळणारं पाणीसुद्धा, आत खेचलं जातं. रोज थोडं, असं चार महिने. कोकणात तर विचारायलाच नको. बुडवण्याची टेस्ट हे पकडत नाही. पकडते ती दमट उष्णतेची फेऱ्यांची टेस्ट, आयईसी ६००६८-२-३०: ५५ अंशांपर्यंत चढ-उतार, २४ तासांची एक फेरी, अशा सहा. तीही पेटी पूर्ण बंद करून, केबल लावून आणि चालू ठेवून करा. उपाय टेस्टपेक्षा सोपा आहे: हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा छोटा व्हेंट, केबल खालून आत घेणं, आणि बोर्डाला लेप.

पास झालेल्या पेट्या उघडा

ही पायरी पाठ्यपुस्तकांत एका ओळीत असते, मी तिला पानभर जागा देईन. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९८६ साली घरगुती फ्रिजसाठी नवा रोटरी कॉम्प्रेसर आणला. बाजारात आणण्यापूर्वी शेकडो कॉम्प्रेसरवर वेगवान टेस्ट झाल्या आणि वर रिपोर्ट गेला: एकही बिघाड नाही. टेस्टनंतर कॉम्प्रेसर उघडणाऱ्या तंत्रज्ञांना मात्र काळवंडलेली तांब्याची वायंडिंग आणि झिजलेले भाग दिसत होते. कॉम्प्रेसर चालत होता, त्यामुळे ती निरीक्षणं वरपर्यंत ‘बिघाड’ म्हणून गेलीच नाहीत. वर्ष-दीड वर्षात घरांमधले फ्रिज बंद पडू लागले. पावडर धातूचे दोन छोटे भाग अपेक्षेपेक्षा लवकर झिजत होते. १९८८ साली कंपनीने ४५ कोटी डॉलरचा फटका हिशेबात धरला आणि दहा लाखांहून जास्त कॉम्प्रेसर बदलून दिले.

म्हणून पास झालेली प्रत्येक पेटी उघडायची. कपॅसिटरची धारिता टेस्टआधी आणि नंतर मोजायची. रिलेचं झाकण कापून कॉन्टॅक्ट भिंगाखाली बघायचे. टर्मिनलच्या स्क्रूचा टॉर्क मोजायचा. सिमचे पत्रे, गॅस्केटचा दबलेला ठसा, बोर्डावर पांढुरकी बुरशी, सगळ्याचे फोटो. ‘पास/फेल’च्या रकान्याशेजारी ‘काय बदललं’ असा रकाना ठेवा आणि तो रिकामा राहिला तर रिपोर्टवर सही करू नका.

ज्या ओळीवर माल बनणार, त्याच ओळीवरच्या पेट्या तपासा

डिझाइन विभागातल्या निवांत हातांनी जोडलेले प्रोटोटाइप पास झाले, याचा अर्थ फक्त डिझाइन बरं आहे. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ चं २०१६ सालचं प्रकरण आठवा. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत कोपऱ्यावरची इलेक्ट्रोड वाकत होती. फोन परत मागवले, दुसऱ्या पुरवठादाराचं उत्पादन वाढवलं, आणि त्या बॅटऱ्यांत वेल्डिंगचे टोकदार कण राहू लागले. दोन पुरवठादार, दोन वेगळी कारणं, परिणाम तोच. ऑक्टोबरमध्ये उत्पादनच थांबवावं लागलं. आपल्या पेटीचा पसारा तेवढा नाही, पण कपॅसिटरचा मेक बदलला, सोल्डरिंग बाहेर दिलं, मोल्ड दुसऱ्या शेडमध्ये हलवला, की संबंधित टेस्ट पुन्हा करायची. कोणता बदल झाल्यावर कोणती टेस्ट पुन्हा, याचा एक पानी तक्ता आत्ताच बनवा. पुढे घाईत कोणी बनवू देत नाही.

कारखान्यातून निघण्यापूर्वी पेट्या काही तास तापवून चालवायच्या का, असंही विचारलं जाईल. सुरुवातीच्या कच्च्या जोडणीचे बिघाड असतील तर हो. झिजण्याचे असतील तर तुम्ही गिऱ्हाइकाचंच आयुष्य कारखान्यात वापरताय.

मेलेल्या पेट्यांचा आलेख

बिघाड कच्च्या जोडणीचे आहेत की झिजेचे, हे ओळखायला वायबुलचा आलेख लागतो. वालोदी वायबुल हे स्वीडिश अभियंता, त्यांचा गाजलेला निबंध १९५१ चा. एक्सेलमध्ये तासाभरात जमतं. समजा पाच रिले मरेपर्यंत चालवले. मेल्याच्या क्रमाने फेऱ्या लिहा. प्रत्येकाला टक्केवारी द्या: क्रमांकातून ०.३ वजा, भागिले एकूण संख्या अधिक ०.४. पाचांसाठी हे येतं १३, ३१.५, ५०, ६८.५ आणि ८७ टक्के. आता आडव्या अक्षावर फेऱ्यांचा नैसर्गिक लॉगॅरिदम. उभ्या अक्षासाठी १०० टक्क्यांतून ही टक्केवारी वजा करा, उरलेल्याचा व्यस्त घ्या आणि त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम दोनदा काढा. बिंदू साधारण रेषेत आले तर रेषेचा चढ म्हणजे बीटा. तो १ च्या खाली असेल तर जोडणीत किंवा मालात दोष, १ च्या आसपास असेल तर योगायोगाचे फटके, विजेच्या लोटासारखे. १ च्या बराच वर असेल तर झीज. रेषेला मध्येच कोपर आलं, तर दोन वेगळे बिघाड एकत्र मिसळलेत. मेलेले रिले पुन्हा उघडा आणि वेगळे करा.

मेलेला भाग साफ करू नका, ‘चालतोय का बघू’ म्हणून परत वीज देऊ नका. आधी फोटो, मग चिठ्ठी, मग प्लॅस्टिकची पिशवी. मुंगीचा मृतदेहही पुरावा असतो.

शेतातून परत येणाऱ्या पेट्यांसाठीही हाच आलेख, पण एक गोष्ट सांभाळून: न बिघडलेल्या पेट्याही हिशेबात धरायच्या. हजार विकल्या, वीस परत आल्या, तर उरलेल्या ९८० कधी विकल्या आणि अजून चालू आहेत ही माहिती वीस बिघाडांइतकीच मोलाची असते. ती सोडली तर आयुष्य फारच कमी दिसेल आणि साहेब उगाच घाबरतील. त्यासाठी प्रत्येक पेटीवर बनवल्याच्या आठवड्याचा कोड, आणि बसवल्याची तारीख सर्व्हिसवाल्याच्या मोबाइलवर नोंदलेली हवी. आपली पेटी तर स्वतःच मोबाइल नेटवर्कवर आहे. पहिल्यांदा चालू झाल्यावर तिने एक संदेश पाठवला की तारीख मिळते, पुढे रोजचं सर्वाधिक तापमान, कमीत कमी व्होल्टेज आणि रिलेच्या फेऱ्याही पाठवता येतात. हे काम फर्मवेअरवाल्याकडून माल बाहेर पडायच्या आधी करून घ्या. पहिल्या शंभर पेट्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत द्या: काही चंद्रपूरला, काही सिंधुदुर्गाला, काही साताऱ्याच्या घाटमाथ्यावर. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर त्यातल्या पाच-सहा, चालू असतानाच, बदलून परत मागवा आणि उघडा.